डोळ्याचे दान आणि घडवलेले बुबुळ

मागे एका एकादशीला नेवासे तालुक्यातील एका गावी माझे कीर्तन होते. आरती झाली, बुक्का लावून झाला, माणसे पांगली आणि मी देवळाच्या ओसरीवर जरा टेकलो, तोच नगरला कॉलेजात शिकणारा एक मुलगा जवळ येऊन बसला. पाया पडून म्हणाला, "महाराज, तुम्ही कीर्तनात नेत्रदानाचे सांगितलेत. पण आता डोळ्याचे बुबुळ यंत्रावर छापता येते म्हणे. मग मेलेल्या माणसाचे डोळे मागायचे कशाला? आणि छापलेल्या बुबुळातून पांडुरंगाला पाहिले, तर ते खरे दर्शन होईल का?"

पोराने सहज विचारले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. त्याचे कारण पुढे सांगणारच आहे. परंतु आधी हे छापणे म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. पदार्थ ओळखल्याशिवाय त्याच्या धर्माधर्माचा निवाडा करायला बसणे हे शास्त्राला मान्य नाही आणि व्यवहारालाही नाही.

डोळ्यात मधोमध जे काळे गोल दिसते, त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखा एक स्वच्छ पडदा असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला पारपटल म्हणतात. आपण बोलताना त्यालाही बुबुळच म्हणतो, आणि या लेखातही तसेच म्हणू. हा पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड आणि ११-१२ मिलिमीटर रुंद असतो. त्याचे नवल असे की, त्यात रक्तवाहिनी नाही. शरीराच्या इतर भागांना रक्त पोसते. हा मात्र आसवांवर, डोळ्याच्या आतल्या पाण्यावर आणि बाहेरच्या हवेवर जगतो. त्याचे बारीक धागे इतक्या शिस्तीने रचलेले असतात की उजेड कोठे अडत नाही. ती शिस्त एकदा मोडली की पांढरा डाग उमटतो. "डोळ्यात फूल पडले" असे आपल्याकडे म्हणतात, ते हेच. नाव फुलाचे, पण त्याच्या मागे जग झाकले जाते.

आपल्या जिल्ह्यात हे फूल पडायला फार निमित्त लागत नाही. ऊसतोडीत पाते डोळ्याला लागते, ज्वारीच्या काढणीत धसकट लागते, मळणीत कुसळ उडते. जखम दिसायला लहान. पण त्यातून बुरशी शिरते आणि चार दिवसांत बुबुळ नासते. पहिल्या दिवशीच डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेले तर पुष्कळदा डोळा वाचतो. पण आपण आधी कोणाचे तरी दूध घालतो, पाल्याचा रस पिळतो, नाही तर दुकानातून कसले तरी थेंब आणतो, आणि आठ दिवसांनी तालुक्याला जातो. पूर्वी देवीच्या रोगाने असेच डोळे जात. देवीचा रोग १९७५ नंतर आपल्या देशातून गेला; पाते आणि कुसळ मात्र आहेतच.

एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. मोतीबिंदू हा आतल्या भिंगाचा दोष आहे आणि काचबिंदूत आतली नस खराब होते. त्यांना बुबुळ बदलून उपयोग नाही. ज्याचे बुबुळच मळले आहे, परंतु मागचा डोळा शाबूत आहे, त्याचाच हा प्रश्न.

अशा माणसाला उपाय एकच: मळलेला पडदा काढून स्वच्छ पडदा बसवणे. हे पहिल्याने साधले ते १९०५ सालच्या ७ डिसेंबरला, मोराविया प्रांतातील ओलोमोउत्स गावी. एदुआर्द झिर्म नावाच्या डॉक्टरांनी, चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुराला, दुखापतीमुळे ज्याचा डोळा काढावा लागला होता अशा एका मुलाचे बुबुळ बसवले. आपल्या देशात पहिली नेत्रपेढी मद्रासला १९४५ साली निघाली. म्हणजे विद्या जुनी आहे. तुटवडा पडतो तो बुबुळांचा. फ्रान्समधील संशोधकांनी २०१६ साली साऱ्या जगाचा हिशेब मांडून दाखवला, की १ कोटी २७ लाख माणसे बुबुळाची वाट पाहत आहेत आणि ७० जणांना हवे असते तेथे एकाला मिळते. आपल्या देशात बुबुळाच्या दोषाने आंधळे झालेल्यांची संख्या सुमारे १२ लाख सांगतात. आषाढीला पंढरीत लोटणारा जनसमुदाय डोळ्यांपुढे आणावा, म्हणजे हा आकडा केवढा ते कळेल.

हा तुटवडा पाहूनच शास्त्रज्ञांनी बुबुळ घडवण्याचा उद्योग आरंभला. २०१८ साली इंग्लंडातील न्यूकॅसल विद्यापीठात, समुद्रातील शेवाळापासून काढलेला चिकासारखा पदार्थ आणि कोलॅजन, म्हणजे कातडी व बुबुळ ज्या द्रव्याचे बनते ते द्रव्य, एकत्र करून त्यात निरोगी माणसाच्या बुबुळातील जिवंत पेशी कालवल्या. ही झाली शाई. सोऱ्यातून चकली पाडावी तशी ती शाई यंत्राने वेढ्यावर वेढा घालीत सोडली आणि दहा मिनिटांच्या आत बुबुळाचा आकार तयार झाला. आपल्या घरातील बायामाणसांना हे यंत्र चटकन समजेल. सोऱ्यातून पीठ पडते, तेथे जीव पडतो एवढेच.

आपल्या जवळची गोष्ट हैदराबादची. मराठवाडा १९५६ पर्यंत त्याच राज्यात होता, त्यामुळे हैदराबाद आपल्याला परके नाही. तेथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आय. आय. टी. आणि पेशी व रेणूंच्या जीवशास्त्राचे केंद्र या तिघांनी मिळून बुबुळ छापले व सशाच्या डोळ्यात बसवून पाहिले, असे त्यांनी २०२२ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले. त्यांची शाई माणसाच्याच बुबुळापासून केलेली होती: दानात आलेल्या बुबुळातील पेशी धुऊन काढल्या, उरलेल्या सांगाड्याचे द्रव्य केले आणि त्यात मानवी डोळ्यातील मूळपेशी घातल्या. त्यात जनावराचा अंश नाही, असे त्यांचे सांगणे आहे. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात इस्रायलमधील हैफा येथे रामबाम रुग्णालयात छापलेले बुबुळ प्रथमच माणसाच्या डोळ्यात बसवले गेले. एका दात्याच्या बुबुळातील पेशी वाढवून अशी सुमारे ३०० बुबुळे करता येतील, असे ते करणारे म्हणतात. अर्थात एका माणसावर झाले म्हणजे सर्वांना मिळाले असे नव्हे. पुष्कळांवर करून, काही वर्षे पाहून, मगच ही गोष्ट तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचायची.

इतके सांगून झाल्यावर आता माझ्या झोपेचे कारण सांगतो.

आमच्या दिंडीत एक वीणेकरी बाबा आहेत. त्यांचा एक डोळा लहानपणीच देवीत गेला. दुसरा मोठेपणी उसाच्या पात्याने गेला. दिंडी चालते तेव्हा पुढच्या वारकऱ्याच्या खांद्यावर एक हात आणि एका हातात वीणा, अशी त्यांची वारी चालते. काही वर्षांपूर्वी त्याच गावात एक म्हातारी पहाटे वारली. ती माळकरी, काकड्याला कधी न चुकणारी. एका शिबिरात तिने ऐकले होते आणि मुलाला सांगून ठेवले होते, की माझे डोळे कोणाला तरी द्या. मुलगा पहाटे पाच वाजता माझ्याकडे आला. म्हणाला, "महाराज, आई असं म्हणाली होती. धर्मात बसतं का? तुम्ही हो म्हणालात तर डॉक्टरांना फोन करतो."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "थांब, ग्रंथ पाहून सांगतो."

पाठशाळेत शिकलेला माणूस मी. मला आठवले, की अंत्येष्टीच्या वैदिक मंत्रांत, मृताचा डोळा सूर्याकडे जावो अशी प्रार्थना आहे. मग डोळा दुसऱ्याला दिला तर मंत्राचे काय? म्हातारीच्या गतीला बाध येईल का? मी पोथ्या काढल्या, एका शास्त्रीबुवांना फोन केला, ते पूजेत होते, त्यांची वाट पाहिली. माझे मन 'द्यावे' असे म्हणायला तयार झाले तेव्हा अकरा वाजून गेले होते. डॉक्टर म्हणाले, "आता उशीर झाला. सहा तासांच्या आत लागतात." दुपारी प्रवरेच्या काठी तिला अग्नी दिला. वीणेकरी बाबा नेहमीप्रमाणे वीणा घेऊन पुढे उभे राहिले आणि भजन म्हणू लागले. मला त्यांच्याकडे पाहवेना.

म्हातारीचे बुबुळ बाबांनाच मिळाले असते असे नव्हे. ते यादीप्रमाणे ज्याच्या त्याच्याकडे जाते, आणि दाता कोण व घेणारा कोण हे एकमेकांना कळू देत नाहीत. तरी दोन माणसे कोठे तरी अंधारात राहिली, आणि ती माझ्या विद्वत्तेमुळे राहिली, एवढे खरे. म्हातारीला जे एका क्षणात कळले, ते मला सहा तासांत कळले नाही. यास्तव त्या वेळी मला अडवणाऱ्या शंका आणि आता या मुलाने काढलेली नवी शंका, यांचा एकदा नीट विचार करून ठेवतो. म्हणजे दुसऱ्या कोणाच्या दारी असा प्रसंग आला तर ग्रंथ शोधण्यात वेळ जायचा नाही.

पहिली शंका मंत्राची. आपल्या दर्शनशास्त्रात गोलक आणि इंद्रिय हे वेगळे मानले आहेत. दिसतो तो मांसाचा डोळा हा गोलक, म्हणजे राहण्याचे ठिकाण. पाहण्याची शक्ती ते इंद्रिय. तर्कसंग्रह शिकणारा पोरसुद्धा जाणतो, की चक्षुरिंद्रिय तेजाचे आहे आणि काळ्या बाहुलीच्या पुढच्या भागी त्याची वस्ती आहे. सूर्य ही त्याची देवता. मग सूर्याकडे जाते ते काय? तेजाचे इंद्रिय तेजाकडे जाते. गोलक काही सूर्याकडे जात नाही. तो चितेत राख होतो आणि तिसऱ्या दिवशी नदीत जातो. मंत्र ज्याच्याविषयी आहे त्याला डॉक्टरांची कात्री लागत नाही, आणि कात्री ज्याला लागते त्याच्याविषयी मंत्र नाही. उलट असे पाहा: जो पडदा चितेत जळायचा, तो दुसऱ्याच्या डोळ्यात बसला आणि त्यातून सूर्याचा उजेड पुन्हा आत गेला, तर त्याने सूर्याची सेवाच झाली. एवढे साधे उत्तर मला त्या पहाटे सुचले नाही, कारण माझे लक्ष म्हातारीच्या इच्छेकडे नव्हते, माझ्या पोथीकडे होते.

"या जन्मी डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होतो" असे काही म्हणतात. याला ग्रंथाचा आधार नाही आणि युक्तीचाही नाही. अन्न दिल्याने पुढे उपाशी राहावे लागते असे कोणी म्हणत नाही. मग डोळ्यालाच हा उलटा न्याय का? दधीची ऋषींनी हाडे दिली, शिबी राजाने मांस दिले. ते पुढे अपंग जन्मले असे कोणत्या पुराणात आहे? विष्णूने शंकराच्या पूजेत एक कमळ कमी पडले म्हणून स्वतःचा नेत्र वाहिला, आणि त्याचे फळ म्हणून त्याला सुदर्शन मिळाले, अशी कथा शैवांच्या आणि आपल्याही तोंडी आहे. बौद्धांच्या जातकांत तर शिबी राजा डोळेच देतो. ती कथा मानणाऱ्या सिंहली लोकांनी १९६१ साली नेत्रदानाची संस्था काढली आणि त्या लहानशा बेटावरून बुबुळे कितीतरी देशांना गेली. आणि हेही ध्यानात घ्या, की दधीचीने जिवंतपणी दिले. आपल्याकडे मागतात ते मेल्यानंतर.

दुसरी शंका प्रारब्धाची. कोणी म्हणतात, ज्याच्या कर्मात अंधत्व आहे त्याला डोळस करणे ही देवाच्या कामात ढवळाढवळ आहे. याचे उत्तर असे की, पायात काटा मोडणे हेही प्रारब्धच. मग काटा काढता का? मी स्वतः नाकावर चष्मा लावून ज्ञानेश्वरी वाचतो आणि त्याच तोंडाने दुसऱ्याला प्रारब्ध सांगावे, हे शोभत नाही. सुश्रुताने डोळ्याची पाच मंडले सांगितली आणि लिंगनाशावर, म्हणजे मोतीबिंदूवर, शलाकेने शस्त्रकर्म सांगितले. त्या ऋषीला कर्मसिद्धांत ठाऊक नव्हता काय? शिवाय दुसऱ्याच्या प्रारब्धात अंधत्वच लिहिले आहे आणि पुन्हा दृष्टी लिहिलेली नाही, हे आपण कोठे वाचले? प्रारब्धाचा विचार स्वतःचे दुःख सोसताना करावा. दुसऱ्याचे दुःख पाहताना करायचा तो दयेचा विचार. याची उलटापालट झाली की धर्माचे नाव राहते आणि माणूस निष्ठुर होतो.

"माणूस आता ब्रह्मदेव झाला" असेही ऐकू येते. कोणी अभिमानाने म्हणतो, कोणी भयाने. दोन्ही व्यर्थ आहे. घट कुंभार करतो, पण माती कुंभार करीत नाही. कुंभार निमित्तकारण, माती समवायीकारण. छापणारा शास्त्रज्ञ हा येथे कुंभार आहे. पेशीतला जीव त्याने केला नाही. तो कोणा एका माणसाच्या डोळ्यातून आला आणि त्या माणसाला तो आईबापांकडून व मूळचा ज्याच्यापासून सर्व होते त्याच्याकडून मिळाला. आमचे गोरोबाकाका मडकी घडवीत होते म्हणून ते देवाशी स्पर्धा करतात असे कोणी म्हटले नाही. हाताने चांगले काम करावे आणि त्याचे कर्तेपण देवाला अर्पण करावे, ही त्यांची रीत. शास्त्रज्ञालाही तीच लागू.

आता त्या मुलाची नवी शंका. बुबुळे छापता येऊ लागली, मग दान कशाला?

मी त्याला म्हणालो, "बाळ, शाई कोठून आली ते पाहा." न्यूकॅसलच्या शाईत पेशी कोणाच्या? निरोगी बुबुळातल्या. हैदराबादेचे द्रव्य कशाचे? दानात आलेल्या बुबुळांचे. हैफाला तीनशे होतील म्हणतात, ती कशाची? एका दात्याच्या बुबुळाची. म्हणजे यंत्राने दान रद्द झाले नाही. यंत्राने दान पेरले. पायलीभर बाजरी एखाद्याने भुकेल्याला दिली तर चार माणसे एक वेळ जेवतात. तीच बियाणे म्हणून दिली तर शेत उभे राहते. म्हणून पूर्वी एकाच्या दोन डोळ्यांनी दोघे पाहत. पुढे कदाचित शेकडो पाहतील. परंतु मुठीत बियाणेच नसेल तर पाभर घेऊन काय करायचे? आणि आज, या क्षणी, छापलेले बुबुळ आपल्या माणसाला मिळण्यासारखे नाही. "पुढे यंत्र येणार आहे" म्हणून आज दान थांबवले, तर मी पोथीचे निमित्त केले तसे आपण यंत्राचे निमित्त केले, एवढाच फरक. उशीर तोच.

एक शंका वारकऱ्यांच्या मनात खास येईल. स्वीडनमधील लिंकपिंग विद्यापीठाच्या मंडळींनी डुकराच्या कातडीतील कोलॅजन शुद्ध करून बुबुळाचा पडदा केला आणि तो भारतात व इराणात मिळून २० जणांना बसवला. त्यांपैकी १४ जण आधी अंध होते. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा त्यांत कोणी अंध राहिले नव्हते, असे २०२२ साली प्रसिद्ध झाले. माळकऱ्याने हे घ्यावे का?

मी याचा सोपा निकाल देत नाही. अहिंसा हे आपले व्रत आहे आणि गळ्यात माळ घातली ती उगीच नाही. ती कातडी खाण्यासाठी मारलेल्या जनावराची उरलेली असते, मुद्दाम मारलेल्याची नव्हे, हे खरे; तरी ज्याचे मन घेत नाही त्याने नको म्हणावे, त्याला कोणी हसू नये. परंतु नको म्हणताना आपल्या देवघरातही नजर टाकावी. मृदंगाच्या दोन्ही पुड्या कशाच्या? चामड्याच्या. तो मृदंग आपण देवापुढे, अगदी समचरणांसमोर वाजवतो. सोवळ्याचा मुकटा कशाचा? रेशमाचा, आणि रेशीम काढताना किडे उकळत्या पाण्यात जातात. हे चालते आणि आंधळ्याच्या डोळ्यातला धुतलेला पडदा चालत नाही, असे म्हणायला जीभ अडखळते. माझ्यापुरते सांगतो: माझ्या डोळ्यांसाठी मी कदाचित माणसाच्या बुबुळाची वाट पाहीन. पण वीणेकरी बाबा असे बुबुळ बसवून आले, तर मी त्यांच्या पाया पडेन. प्रायश्चित्त सांगणार नाही. आणि ज्या सशाच्या डोळ्यावर हे शिकले गेले, त्याचेही ऋण मानावे. ऋण मानले म्हणजे फिटते असे नाही, पण न मानणारा अधिक बेफिकीर होतो.

आता ज्या शंकेने मला खरी काळजी वाटते ती सांगतो. ती मोलाची.

आपले धर्मशास्त्र म्हणते, दान म्हणजे आपली मालकी सोडणे आणि ती वस्तू दुसऱ्याची होऊ देणे. म्हातारीने डोळे दिले असते तर त्याचे मोल कोणी घेतले नसते. १९९४ चा देशाचा कायदाही माणसाच्या अवयवाची खरेदीविक्री करू देत नाही. पण त्याच बुबुळाच्या पेशी वाढवून तीनशे पडदे झाले, ते डबीत बसले आणि डबीवर किंमत आली, तर ते दान राहिले की माल झाला? आणि माल झाला तर नगरच्या ऊसतोड कामगाराला तो मिळेल का? पात्याने डोळा त्याचा जातो, आणि पडदा ज्याच्याजवळ पैसा त्याच्या डोळ्यात बसतो, असे होऊ नये.

यावर कोणी म्हणेल, यंत्राला, औषधाला, डॉक्टरांच्या कष्टाला पैसा लागतोच. बरोबर आहे. कष्टाचे मोल द्यावे. दानाचे मोल घेऊ नये. हा भेद आम्हा कीर्तनकारांना तरी कळायला हवा. जाण्यायेण्याचा खर्च घेणे वेगळे आणि नामाचा भाव ठरवणे वेगळे; तुकोबारायांनी कीर्तन विकणाऱ्याला किती कठोर शब्द लावले, ते आपण जाणतो. आमच्यातही आज पाकिटाकडे पाहून तारीख देणारे आहेत, आणि मी स्वतः त्यातून सर्वस्वी सुटलो आहे असे छातीठोक सांगत नाही. म्हणूनच सांगतो, की फुकट मिळालेली गोष्ट विकायची सवय फार हळू लागते आणि लागली की कळत नाही. ज्या बुबुळाचे बीज दानातून आले, त्याच्या पिकातला वाटा गरिबाला फुकट गेलाच पाहिजे, असा आग्रह देणाऱ्याच्या घरच्यांनी, दवाखान्यांनी आणि सरकारने धरला पाहिजे. चंद्रभागेच्या वाळवंटात कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. ती रीत डोळ्यांच्या दवाखान्यातही चालावी, एवढेच मागणे आहे.

राहिला मुलाचा दुसरा प्रश्न: छापलेल्या बुबुळातून घेतलेले दर्शन खरे का?

माझ्या चष्म्याची काच कारखान्यात झाली. तिच्यातून मी पाहिलेला पांडुरंग कारखान्याचा झाला काय? बुबुळ पाहत नाही, बुबुळातून पाहिले जाते. डोळ्याला पाहणारे मन, मनाला पाहणारा साक्षी. तो साक्षी कोणी छापलेला नाही आणि कोणाला छापता येणार नाही. म्हणून पडदा आईच्या पोटात झाला की यंत्रावर झाला, याने दर्शनात उणेअधिक होत नाही. दर्शन उणे होते ते पाहणाऱ्याच्या भावाने. महाभारतात व्यासांनी धृतराष्ट्राला युद्ध पाहण्यासाठी दृष्टी देऊ केली होती. कुळाचा संहार पाहवणार नाही म्हणून तो नको म्हणाला. पण ज्या लोभामुळे तो संहार ओढवला, तो लोभ आधीच पाहिला असता तर? त्याचे आंधळेपण बुबुळाचे नव्हते. उलट आपल्या विदर्भातील गुलाबराव महाराज पाहा. १८८१ साली जन्मले, तान्हेपणीच दृष्टी गेली, १९१५ साली देह ठेवला. अवघ्या चौतीस वर्षांत शंभरावर ग्रंथ सांगितले आणि स्वतःला ज्ञानेश्वरमाउलींची कन्या म्हणवले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. डोळ्यांवाचून देव भेटत नाही असे म्हणणाऱ्याने त्यांच्याकडे पाहावे.

मात्र यातून कोणी असा अर्थ काढू नये, की देव डोळ्यांवाचून भेटतो, तर मग आंधळ्याला डोळे कशाला. अन्नावाचून एकादशी घडते म्हणून भुकेल्याला द्वादशीला जेवण नाकारायचे नसते. आंधळेपणातही भक्ती करणे हा आंधळ्याचा मोठेपणा आहे. त्याला आंधळा राहू देणे हा आपला मोठेपणा नव्हे.

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. त्या घरात सर्वांना ठाऊक असाव्यात. घरातले माणूस गेले की जवळच्या नेत्रपेढीला किंवा सरकारी दवाखान्याला लगेच कळवावे. सहा तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके बरे. पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी, पंखा बंद करावा. डॉक्टर घरी येतात. काम पंधरा-वीस मिनिटांचे असते, चेहरा विद्रूप होत नाही आणि पुढच्या विधीला अडचण येत नाही. वयाची अट नाही. चष्मा असला, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असले, मधुमेह असला तरी चालते. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग, एड्स, कावीळीचे काही प्रकार, रक्तात भिनलेला जंतुदोष अशा रोगांत चालत नाही. ते डॉक्टर ठरवतील. नुसता अर्ज भरून भागत नाही, घरच्यांना सांगून ठेवावे लागते, कारण त्या वेळी संमती त्यांनी द्यायची असते. अर्ज भरला नसला तरी घरचे देऊ शकतात. दरसाल २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदानाचा पंधरवडा पाळतात; पण मरण पंधरवडा पाहून येत नाही.

माझ्या कीर्तनकार बंधूंना एक विनंती. आपल्या भागात दशक्रियेला प्रवचनाची रीत आहे. नदीकाठी शेकडो माणसे ऐकत असतात. त्या घरापुरती वेळ टळून गेलेली असते, पण त्या गर्दीतल्या प्रत्येकाच्या घरी ती केव्हा तरी यायची आहे. तेथे एक वाक्य बोलावे. आणि पहाटे कोणी दारात येऊन "महाराज, धर्मात बसतं का?" असे विचारले, तर ग्रंथ उघडण्याआधी "बसते, फोन कर" म्हणावे. ग्रंथ मागाहून वाचता येतो.

मी माझे व घरच्यांचे सांगून ठेवले आहे. वीणेकरी बाबांना यंदा तपासणीला नेले होते. त्यांच्या एका डोळ्याचा मागचा भाग चांगला आहे, असे डॉक्टर म्हणाले, आणि नाव यादीत लागले आहे. ते बुबुळ दानाचे येते की पुढे कधी छापलेले येते, हे पांडुरंग जाणे. तोवर दिंडीत त्यांचा हात माझ्या खांद्यावर असतो.

रामकृष्ण हरी.